स्त्रियांचा निर्भय प्रवास आणि बाजारपेठेचे कर्तव्य

व्यापारी संघाच्या वार्षिक स्मरणिकेत सामान्यतः कराचे दर, मालवाहतुकीच्या अडचणी, बाजारभावांचे चढउतार आणि संघाच्या कार्याचा आढावा यांना स्थान मिळते. आणि ते योग्यच आहे. ज्या व्यवसायावर आपला व आपल्या कुटुंबीयांचा योगक्षेम चालतो, त्याची चिंता व्यापाऱ्याने वाहिली नाही तर ती कोणी वाहावी? परंतु या वेळी आम्ही वाचकांचे लक्ष एका निराळ्या वाहतुकीकडे वेधू इच्छितो. आपला माल पेठेतून परप्रांती निघाला म्हणजे त्याच्यासोबत बीजक असते, विमा असतो, आणि १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिलही असते. गाडीचा क्रमांक, मालाची किंमत, पोहोचण्याची मुदत हे सारे कागदावर नोंदलेले असते. एखादी गठडी वाटेत अडली तर तासाभरात पेढीवरचा फोन वाजू लागतो. त्याच पेठेतून, त्याच रस्त्याने आपली कन्या महाविद्यालयात जाते, सून शाळेत शिकविण्यास जाते, दुकानातील मदतनीस बाई दिवेलागणीनंतर घरी परतते आणि खेड्यातील भगिनी डोक्यावर पाटी घेऊन आठवड्याच्या बाजारास येते. त्यांचा प्रवास निर्विघ्न झाला की नाही, याची नोंद आपल्या कोणत्या वहीत आहे?

रस्त्यावर, बसस्थानकावर आणि गाडीत स्त्रियांना निर्भयपणे वावरता यावे, ही जबाबदारी पोलिसांची आहे, परिवहन निगमाची आहे, नगरपालिकेची व पंचायतीची आहे, यात वाद नाही. तथापि आमचे असे स्पष्ट मत आहे की, या जबाबदारीचा एक मोठा वाटा बाजारपेठेचा, म्हणजे आपला आहे. आणि तो आपण अद्यापि पुरतेपणी उचललेला नाही. या मताची कारणे पुढे मांडीत आहोत.

सुपा तालुक्याला या प्रश्नाचे विशेष महत्त्व आहे. काळी नदीवर गणेशगुडी येथे बांधलेले धरण १९८७ साली पुरे झाले आणि सुपा गाव जलाशयाच्या पोटात गेले. तालुक्याचा कारभार जोयड्यास आला; विस्थापित कुटुंबांपैकी अनेकांची वसाहत रामनगरास झाली. गाव बुडाले, पण नाव मात्र धरणाला आणि लोकांच्या जिभेवर राहिले. जुन्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असते. कोणाची लेक कोणत्या वाटेने शाळेत जाते, कोण परका मनुष्य दोन दिवस पिंपळाखाली बसून आहे, हे ओट्यावर बसलेल्या वाण्यास सहज कळते. अशी पेठ मोडली म्हणजे घरे व जमिनी यांचा मोबदला सरकार ठरविते. परंतु त्या ओळखीच्या नजरेचा मोबदला कोणत्याही निवाड्यात धरलेला नसतो. नवी वस्ती, नवे रस्ते, नवे बसथांबे झाले, की ती नजर नव्याने घडवावी लागते, आणि ते काम सरकारी हुकमाने होत नाही.

त्यातून हा तालुका विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ आणि अरण्याने वेढलेला. वरच्या शिक्षणासाठी, मोठ्या इस्पितळासाठी, नोकरीसाठी दांडेली, हल्याळ, बेळगाव, धारवाड किंवा हुबळी गाठावी लागते. जिल्ह्याच्या कचेरीत काम निघाले तर अणशीचा घाट उतरून कारवारास जावे लागते. म्हणजे येथील मुलीला शिकावयाचे असेल तर तिला प्रथम प्रवासी व्हावे लागते. शहरातील मुलीला घरापासून महाविद्यालयापर्यंत जो रस्ता ओलांडावा लागतो, तो येथे कित्येक मैलांचा होतो. आणि त्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे गावच्या थांब्यापाशी आणि शहराच्या बसस्थानकापाशी, तिला स्वतःच्या धीरावर अवलंबून राहावे लागते. रानातील श्वापदांपासून कसे जपावे हे आमच्या तालुक्यातील स्त्रियांना कोणी शिकवावयास नको. त्या वाटेने त्यांच्या आज्या-पणज्या चालल्या आहेत. त्यांना जे भय नवे आहे ते गर्दीतल्या माणसाचे आहे.

कर्नाटक शासनाने ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजना सुरू केली. राज्यातील स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या व एक्सप्रेस गाड्यांतून राज्यात विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. त्यांच्या हाती शून्य रकमेचे तिकीट पडू लागले. आपल्या भागात गाड्या चालविणाऱ्या वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन निगमासही ही योजना लागू झाली. जुलै २०२५ पर्यंत राज्यभर अशा तिकिटांची संख्या ५०० कोटींवर गेली. शेजारच्या महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या गाड्यांतून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला. या योजनांच्या खर्चाविषयी आपल्यातील काही सभासदांचे मत प्रतिकूल आहे, याची आम्हांस कल्पना आहे. कोणतीही फुकट वस्तू व्यापाऱ्याच्या मनात प्रथम शंका उत्पन्न करते. तरीही एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. पूर्वी जी स्त्री भाड्याच्या पैशांसाठी घरातील पुरुषापुढे हात पसरीत होती, ती आज आपल्या मनाने बाजारास येते, औषध आणते, माहेरी जाऊन येते. बाजारपेठेस तिच्या येण्याचा लाभच झाला आहे.

परंतु भाडे शून्य झाले म्हणून भय शून्य होत नाही. किंबहुना गाड्यांत गर्दी वाढली की धक्काबुक्कीचे निमित्तही वाढते. गर्दीचा फायदा घेऊन अंगचटीला येणे, खिडकीशी बसलेल्या मुलीच्या खांद्यावर हात टेकविणे, मागून चालत येऊन अचकट-विचकट बोलणे, रोज एकाच थांब्यावर उभे राहून पाठलाग करणे, या गोष्टींना आपण ‘छेड’ असे हलके नाव देऊन मोकळे होतो. कायदा आता त्यांना हलके मानीत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७५ व्या कलमात लैंगिक छळ, ७८ व्या कलमात पाठलाग आणि ७९ व्या कलमात स्त्रीच्या शालीनतेचा अवमान करणारे शब्द व हावभाव यांस शिक्षा सांगितली आहे. तथापि बहुसंख्य मुली घरी येऊन एक शब्द बोलत नाहीत. त्या का बोलत नाहीत, याचा विचार प्रत्येक गृहस्थाने आपल्या मनाशी करावा. सांगितले तर घरातून पहिले उत्तर काय येईल, हे त्यांना ठाऊक असते: ‘उद्यापासून जाऊ नकोस.’

या उत्तराची किंमत किती असते, ते पाहण्यासारखे आहे. दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या निवडींचा अभ्यास गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने केला. तिला असे आढळले की, चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळण्याइतके गुण असूनही, केवळ वाट अधिक सुरक्षित वाटते म्हणून अनेक मुली कमी प्रतीचे महाविद्यालय पत्करतात. मुलगे तसे करताना फारसे दिसत नाहीत. याच्या उलट बाजूचे उदाहरण बिहारचे आहे. तेथे २००६ साली नवव्या इयत्तेतील मुलींना सायकल देण्याची योजना निघाली. पुढे झालेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींच्या संख्येत सुमारे ३० टक्के वाढ दिसून आली, आणि ती विशेषतः शाळेपासून लांब असलेल्या गावांत. सायकलीने अंतर तोडले हे खरेच. शिवाय मुली घोळक्याने निघू लागल्या. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींसाठी एस.टी.च्या निराळ्या निळ्या गाड्या धावतात, त्यांचेही मर्म हेच. बुद्धी, कष्ट आणि आईबापांची इच्छा सर्व काही असताना केवळ वाटेच्या भयाने जी मुलगी घरी बसते, तिचे नुकसान कोणत्याही खतावणीत लिहिले जात नाही. न लिहिलेले नुकसान व्यापाऱ्यास सर्वांत घातक असते, हे आपणांस सांगावयास नको.

आता शहरांकडे वळू. कारण आमच्या मुली शेवटी तेथेच जातात. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री, रिक्षा न मिळाल्यामुळे एक तरुणी आणि तिचा सोबती एका खासगी बसमध्ये चढले. पुढे जे घडले ते साऱ्या देशास ठाऊक आहे. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला आणि त्याच वर्षी फौजदारी कायदा कडक झाला. निर्भया निधीसाठी १,००० कोटी रुपये ठेवण्याची घोषणा झाली. मुंबईत २२ ऑगस्ट २०१३ रोजी महालक्ष्मीजवळील बंद पडलेल्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात, कामानिमित्त गेलेल्या एका तरुण पत्रकार स्त्रीवर अत्याचार झाला. आणि पुण्याच्या स्वारगेट स्थानकात २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे, आवारातच उभ्या असलेल्या रिकाम्या एस.टी. गाडीत एका तरुण प्रवासिनीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला.

या तीन घटना निरनिराळ्या शहरांतील व निरनिराळ्या वेळांच्या आहेत. पण त्यांत एक साम्य आम्हांस दिसते. चालत्या खासगी बसला कोणी विचारणारा नव्हता. ओसाड गिरणीला कोणी रखवालदार नव्हता. आणि स्थानकात माणसे असली तरी त्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीकडे कोणाची नजर नव्हती. महानगराच्या ऐन मध्यभागीही एखादी जागा बेवारस असू शकते. ज्या जागेची मालकी सर्वांची, तिची काळजी कोणाचीच नाही, असा आपल्या सार्वजनिक जीवनाचा दंडक होऊन बसला आहे. आणि भयाचे मूळ तेथे आहे.

अशा घटना घडल्या म्हणजे वडीलधारी मंडळी एकच उपाय सुचवितात: मुलींनी सातच्या आत घरात यावे. या सल्ल्यामागील माया आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याचा परिणाम काय होतो? सातनंतर रस्त्यावर दहा स्त्रिया असतील तर अकरावीला आधार वाटतो. नऊ जणी घरी बसल्या तर उरलेली एकटी पडते. आणि उरणारी ती एकटी कोण असते? इस्पितळातून पाळी संपवून निघालेली परिचारिका, आपल्याच दुकानातून हिशेब पुरा करून निघालेली मुलगी, भाजी संपेपर्यंत बसलेली विक्रेती. जिला घरी लवकर जाणे परवडत नाही, तिच्याच वाट्याला आपल्या सल्ल्याने निर्जन रस्ता येतो. म्हणून स्त्रियांची संख्या रस्त्यावरून कमी करणारा उपाय हा उपाय नव्हेच, असे आम्ही म्हणतो.

मुंबईच्या उपनगरी आगगाड्यांचा अनुभव येथे बोलका आहे. त्या गाड्यांत स्त्रियांचे डबे पूर्वीपासून आहेत; रेल्वे कायदा, १९८९ याच्या ५८ व्या कलमाने प्रत्येक प्रवासी गाडीत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवणे बंधनकारक केले आहे. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण गाडीच स्त्रियांसाठी सोडली. लक्षावधी स्त्रियांनी या सोयींच्या बळावर नोकऱ्या केल्या, संसार उभे केले. आणि तरीही रात्री उशिरा तोच स्त्रियांचा डबा रिकामा असला म्हणजे तेथे बसण्यापेक्षा गर्दीच्या सामान्य डब्यात बसणे अनेकींना बरे वाटते. म्हणूनच रात्रीच्या स्त्रियांच्या डब्यांत पोलीस ठेवण्याची व्यवस्था करावी लागली. राखीव जागा हवीच. पण तिचे संरक्षण पाटीने होत नाही, आसपासच्या माणसांनी होते.

हाच विचार जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली अमेरिकेतील शहरांविषयीच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मांडला. रस्त्यावर शांतता राखण्याचे काम प्रथमतः पोलीस करीत नाहीत. तेथे राहणारे, ये-जा करणारे आणि विशेषतः तेथे दुकान थाटून बसलेले लोक ते नकळत करीत असतात, असे तिचे म्हणणे. न्यूयॉर्कमधील तिच्या गल्लीतील रहिवासी बाहेरगावी जाताना आपल्या घराच्या किल्ल्या जवळच्या खाद्यपदार्थांच्या दुकानदाराकडे ठेवीत, हे तिने मोठ्या कौतुकाने सांगितले आहे. आपल्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. वाण्याच्या दुकानी निरोप ठेवावा, पिशवी ठेवावी, पोराला घटकाभर बसवून जावे, ही आपल्याकडील प्रत्येक पेठेची रीतच होती. अमेरिकेतील विदुषीने जे शास्त्र म्हणून सांगितले, ते आपल्या वाडवडिलांनी शेजारधर्म म्हणून पाळले. प्रश्न इतकाच की, काचेची दारे, लोखंडी शटर आणि गल्ल्यावरचा मोबाइल यांच्या काळात आपण तो पाळतो काय?

यास्तव आपल्या सभासदांनी काय करावे, याविषयी आम्ही काही सूचना करू इच्छितो. त्यांतील एकही मोठ्या खर्चाची नाही.

प्रारंभ विचारण्यापासून व्हावा. कॅनडातील टोरांटो शहरात १९८९ साली एक पद्धत निघाली: स्त्रियांनी स्वतः सायंकाळी रस्त्याने चालून, कोठे अंधार आहे, कोठे आडोसा आहे, कोठे हाक मारली तर कोणास ऐकू जाणार नाही, याची नोंद करावयाची. पुढे ही पद्धत दिल्लीसह जगातील अनेक शहरांनी उचलली. जोयडा, रामनगर, दांडेली यांसारख्या ठिकाणी हे काम एका संध्याकाळी होण्यासारखे आहे. आपल्या घरातील आई, पत्नी, कन्या, सुना आणि दुकानातील कामकरी स्त्रिया यांनी बसथांब्यापासून पेठेपर्यंत व पेठेपासून वस्तीपर्यंत चालून यादी करावी, आणि संघाने ती यादी पंचायतीकडे व वीज कंपनीकडे न्यावी. पुरुषांनी आपल्या अंदाजाने ही यादी करू नये. ज्या बोळातून आपण वीस वर्षे बेलाशक जात आहोत, तेथे आपल्या मुलीचा श्वास अडकतो, हे तिने सांगितल्याशिवाय आपणांस कळत नाही.

दुसरी गोष्ट दिव्याची. दुकान बंद करताना बाहेरचा दिवाही मालवण्याची आपली सवय काटकसरीची आहे. पूर्वीच्या विजेच्या दिव्यांना ती शोभत होती. आजच्या नऊ-दहा वॅटच्या एल.ई.डी. दिव्याने रात्री दहा तास जळूनही महिन्याकाठी जेमतेम तीन युनिटे वीज खर्च होते. बसथांब्याच्या वाटेवरील प्रत्येक दुकानाने एक दिवा शेवटची गाडी येऊन जाईपर्यंत लावून ठेवला, तर सगळी वाट उजळते. आळीपाळीने एका तरी दुकानाचे दार तोपर्यंत उघडे असावे, आणि तेथे थांबण्यास, पाणी पिण्यास, घरी फोन करण्यास कोणत्याही स्त्रीस मुभा आहे हे गावात सर्वांस ठाऊक असावे. त्या दुकानी ११२ हा तातडीच्या मदतीचा, १८१ हा स्त्रियांच्या साह्याचा आणि १३९ हा रेल्वेचा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा.

तिसरी सूचना सभासदांस कदाचित रुचणार नाही. दुकानापुढील पदपथावर बसणाऱ्या भाजीवाल्या, फुलवाल्या, चहाच्या गाड्या यांविषयी व्यापारी संघांची भूमिका सहसा तक्रारीची असते. रस्ता अडतो, गिऱ्हाईक तुटते, हे आमच्याही कानी येते. परंतु मुंबईतील स्त्रियांच्या सार्वजनिक वावराविषयी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर’ हे पुस्तक लिहिले, त्यातून असे दिसते की, फेरीवाले आणि रात्रीपर्यंत उघडी दुकाने यांनी गजबजलेला रस्ता स्त्रियांस अधिक आपला वाटतो. सुनसान, चकचकीत रस्ता तसा वाटत नाही. आपले शटर आठला पडते; कंद, भाजी वा फुले घेऊन बसलेली बाई नऊपर्यंत बसते. त्या एका तासात रस्त्याची रखवाली तीच करते. तिला हुसकून लावण्याचा अर्ज करण्यापूर्वी, तिला बसण्यास नेमकी जागा आणि डोक्यावर दिवा मिळावा असा अर्ज संघाने करावा, असे आमचे मत आहे.

चौथी गोष्ट संकोचाची म्हणून आजवर बोललीच गेली नाही. बाजारात आलेल्या स्त्रीला स्वच्छतागृह नसते. सकाळी घरून निघालेली स्त्री सायंकाळी परतेपर्यंत पाणी पिणे टाळते, किंवा आडबाजूच्या अंधारात जाते. आणि धोका नेमका तेथेच असतो. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या संघटनांनी या एका हक्कासाठी चळवळ केली. तिची कारणे समजून घ्यावयास मुंबईस जाण्याचे कारण नाही. आपल्याच बाजारच्या दिवशी घटकाभर पाहिले तरी पुरे. कडी असलेले दार, पाणी, दिवा आणि गावाच्या नजरेतील जागा, एवढे असलेले एक स्वच्छतागृह संघाच्या वर्गणीतून उभे राहणे अशक्य नाही. धर्मशाळा, पाणपोया, पांजरपोळ ज्या समाजाने गावोगाव उभारले, त्याला हे दान परके वाटू नये.

पाचवी गोष्ट कायद्याची आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली जो कायदा झाला, तो मोठ्या कारखान्यांपुरता आहे असा समज आपल्यात आढळतो. तो चुकीचा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामास असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहापेक्षा कमी माणसे असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आमच्या तालुक्यातील नोकरदार मुलीने त्यासाठी घाट उतरून कारवारास जावे असे मात्र नाही. तालुक्यात नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार घेऊन ती सात दिवसांत समितीकडे पाठवावयाची असते. मालकाने दिलेल्या वाहनातील प्रवासही या कायद्यात कामाचे ठिकाण मानला आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रीस कामावर ठेवावयाचे तर तिची संमती आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था आवश्यक केली आहे. कायदा आपल्या गावी लागू असो वा नसो, दिवाळीच्या गर्दीत रात्री दहापर्यंत मुलीस थांबवून घेणाऱ्या मालकाने तिला घरी सुखरूप पोहोचविणे हा साधा माणुसकीचा भाग होय.

सहावी गोष्ट बसची. शेवटची गाडी चुकली म्हणजे अनोळखी वाहनास हात करावा लागतो. दिल्लीच्या घटनेची सुरुवात वाहन न मिळण्यापासून झाली, हे विसरू नये. महाविद्यालय सुटण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांचा मेळ बसावा, शेवटची गाडी ऐन वेळी रद्द होऊ नये, यासाठी संघाने आपल्या मालाच्या गाड्यांसाठी जितक्या नेटाने लिहिले असते तितक्याच नेटाने आगाराकडे लिहावे. टोरांटो आणि माँट्रियल येथे १९९० नंतरच्या दशकात असा नियम झाला की, रात्री स्त्रीने विनंती केल्यास चालकाने दोन थांब्यांच्या मध्ये, तिच्या घराजवळ गाडी थांबवावी. आपल्याकडील वाड्या विखुरलेल्या आहेत. असा नियम येथे लेखी झाला तर चालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागणार नाही. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा दाखविणारे यंत्र आणि संकटाची कळ असणे केंद्र सरकारने आवश्यक केले आहे. ती कळ चालू आहे की नुसतीच बसविली आहे, हे पाहण्याचा प्रवाशांस अधिकार आहे.

या सूचनांवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, दुसऱ्याच्या भानगडीत पडून साक्षीपुराव्याचे लचांड कोणी मागे लावून घ्यावे? यास उत्तर असे की, बहुतेक प्रसंगी साक्षीची वेळच येत नाही. दुकानदाराने ‘काय चालले आहे?’ असे खणखणीत आवाजात विचारले, की टवाळखोर पाय काढतो. त्याचे बळ आपल्या मौनात असते. आणि वेळ आलीच, तर तक्रार कोणत्या ठाण्यात द्यावी, हा चालत्या गाडीतील गुन्ह्याचा जुना पेचही उरलेला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे हद्द कोणाचीही असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती नोंदविता येते. लोंढ्याजवळ घडलेल्या प्रकाराची फिर्याद जोयड्यास उतरूनही देता येईल.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ‘आमच्या घरच्या मुली गाडीने, सोबतीने जातात, हा प्रश्न इतरांचा आहे,’ असे काहींस वाटते. परंतु त्रास देणारा जो तरुण बसथांब्यावर उभा असतो, तोही कोणाच्या तरी घरातून जेवून निघालेला असतो. आपण कन्यांस किती वाजता याव्यात ते सांगतो. पुत्रांस थांब्यावर कसे उभे राहावे, गर्दीत हात कोठे ठेवावा, सोबत्याने वावगा शब्द काढला तर काय करावे, हे कितीशा घरांत सांगितले जाते? दुकानात गिऱ्हाईक म्हणून आलेल्या स्त्रीकडे कसे पाहावे आणि तिच्याशी कसे बोलावे, हे आपण मुलाला व्यापाराचा पहिला धडा म्हणून शिकवितो. कारण तेथे आपली पत गुंतलेली असते. तोच धडा दुकानाच्या पायरीखालीही लागू आहे, एवढे त्यास सांगावे. सोबत देऊ केलेली सोय काही काळ टिकते. सुधारलेली रीत पिढ्यांना पुरते.

संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेत या विषयास अर्धा तास द्यावा, त्या सभेस घरातील स्त्रियांस श्रोत्या म्हणून न बोलाविता वक्त्या म्हणून बोलवावे, आणि बसथांब्याच्या वाटेवरील दिव्यांचा व उघड्या दाराचा ठराव त्याच दिवशी करावा, अशी आमची विनंती आहे. ठरावाखाली कोणत्या दुकानाची पाळी कोणत्या वारी, याचे पत्रक जोडावे. पत्रकाविना झालेले ठराव आपण पुष्कळ पाहिले आहेत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत जमाखर्चाच्या पानांशेजारी या कामाचाही अहवाल छापून यावा: किती दिवे लागले, किती थांब्यांवर छप्पर आले, शेवटची गाडी किती वेळा रद्द झाली, आणि तालुक्यातील किती मुली बारावीनंतर बाहेरगावी शिकण्यास जाऊ लागल्या. सुज्ञ सभासदांस याहून अधिक काय सांगावे?